एक बोल्ट कमी

हायवेला लागून, काकतीच्या अलीकडं,
काचेचं दुकान उघडलं तेव्हा
आम्ही नुसतं बघायला म्हणून गेलो.
आत कुणाचंच नसलेलं घर मांडलं होतं.
पलंगावर उशा, टेबलावर मेणाची सफरचंदं,
भिंतीवर बंद घड्याळ, दहा वाजून दहा.
रेवती सोफ्याच्या कडेला टेकली,
बसमध्ये बसतात तशी, पर्स मांडीवर धरून.
गौतमीनं मात्र कपाट उघडलं,
आत शिरली, दार ओढून घेतलं
आणि आतनंच म्हणाली, हे घ्यायचं.

सहा हजार नऊशे नव्व्याण्णव.
मौनेश बडिगेरनं गेल्या दिवाळीत
सागवानाचा हिशेब सांगितला होता, नुसत्या लाकडाचा.
मजुरीचं काय, म्हटलं, तर म्हणाला,
तुझ्याकडनं काय घेऊ?
तो आकडा मी अजून घरात बोललेलो नाही.

अनगोळात त्याची नि आमची भिंत एकच.
तिकडं रंधा चालू झाला की
इकडं मांडणीतली ताटं कुजबुजतात.
म्हणून खोकं रात्री साडेनऊनंतर आणलं,
टमटममधनं, वर चादर घालून.

फरशीवर सगळं पसरलं. कागद उलगडला,
तर त्यात एक अक्षर नाही.
कन्नड नाही, मराठी नाही, इंग्रजीसुद्धा नाही.
नुसता एक गोल डोक्याचा माणूस,
हातात पाना, तोंडावर हसू.
आमच्या गावात पाटीवरच्या अक्षरांची उंची
पट्टी लावून मोजतात,
आणि हा बाबा कुठल्याच बाजूचा नव्हता.
मी त्याच्याकडं जरा वेळ बघतच बसलो.

वीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा आहे,
बोल्ट मोजायला मला चित्र लागत नाही.
पिशवीत अकरा निघाले. पाहिजेत बारा.
नंबर लावला.
कन्नडसाठी एक दाबा,
इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन.
एक दाबला. येतं की मला.
बाई गोड बोलली. बेंगळूरहून येईल, पंधरा दिवस.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
डबा तसाच ठेवून एक तुकडा चकमध्ये धरला.
सहा एमएम, बारीक काम.
तेलाच्या धारेखाली निळसर वेटोळी सुटत गेली.
कारखान्यासाठी दिवसाला चारशे करतो मी,
कुठं जातात, कशात बसतात, कुणाला ठाऊक.
हा एक कुठं जाणार ते ठाऊक होतं.
मालकाच्या लोखंडाचे दहा रुपये
मी गुपचूप चहाच्या डब्यात टाकले.

कपाट उभं राहिलं, पण दार बसेना.
रेवती म्हणाली, बोलवा आता त्यांना.
काल रात्रभर ठोकत होता,
भिंतीला काय कान नाहीत?

मौनेश आला. पेन्सिल कानावर.
बोटाच्या गाठीनं फळीवर टकटक केलं,
डॉक्टर पाठीवर करतात तसं.
'भुसा,' म्हणाला. 'खानापूरच्या मिलवरनं
ट्रक भरभरून जातो बघ.
परत आलाय, कोट घालून.'
आता किंमत विचारणार, म्हणून मी
खिडकीबाहेर बघायला लागलो.
त्यानं विचारली नाही.
डाव्या पायाखाली पाचर घातली, सागवानाची,
बिजागरीचा स्क्रू अर्धा आटा सोडला.
दार मिटलं.

मग डोकं आत घालून, अंधारातच,
बोट फिरवत गेला एकेका बोल्टवरनं,
आणि नवव्यावर थांबला.
'इदु निंदु,' म्हणाला. हे तुझं.
'कसं काय ओळखलंस गा?'
'बाकीचे गुळगुळीत आहेत. याला कड आहे.'

चहा झाला. पाचरीचे पैसे काढले
तर तो चपला घालायला लागला.

गौतमी अजून आतच बसलीये, दार लावून.
कपडे कुठल्या खणात मावतील
ते काही आम्ही अजून बघितलेलं नाही.